‘बाइट द बुलेट’ : गोळी कोणी चावली, कुठे आणि का?

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

भाचीला शाळेत इंग्रजी वाक्प्रचारांचा तक्ता करायचा आहे आणि तिच्या वाट्याला ‘बाइट द बुलेट’ आला आहे. अर्थाबद्दल घरात वाद नाही. जे टळणार नाही आणि ज्याने त्रास होणार हे ठाऊक आहे, ते कुरकुर न करता पत्करायचं आणि पार पाडायचं. अडचण आली ती उगमाची. शोधायला बसलो तर तीन गोष्टी पुढे आल्या आणि तिन्ही सांगणारे सारख्याच ठामपणे सांगतात.

पहिली गोष्ट शस्त्रक्रियेची. भूल नव्हती तेव्हा जखमी सैनिकाच्या दातांत गोळी द्यायचे आणि पाय कापायचे. दुसरी आपल्याकडची, १८५७ची. चरबीचं काडतूस तोंडाने फोडावं लागायचं, त्यावरून हा वाक्प्रचार इंग्रजांनी उचलला. तिसरी मला नवीन होती. फटक्यांची शिक्षा भोगताना सैनिक ओरडू नये म्हणून तोंडात गोळी धरायचा.

दुसरी गोष्ट खरी निघावी असं मनापासून वाटतं, पण तक्त्यावर चुकीचं लिहून द्यायचं नाही. इथे इतिहासाचे, भाषेचे, वैद्यकाचे जाणकार आहेत. पुराव्यासकट सांगाल का?

खडकवासला

पहिली. काउबॉयच्या सिनेमांत असंच दाखवतात. व्हिस्कीचा घोट, दातांत गोळी, आणि डॉक्टर सुरी तापवतोय.

डॉ. कडुनिंब

खडकवासला, सिनेमात दाखवतात खरं, पण मी भूलतज्ज्ञ आहे आणि ते दृश्य आलं की माझाच घसा आवळतो. पेशंट उताणा, वेदनेने तडफडतोय, आणि त्याच्या तोंडात सुटी गुळगुळीत शिशाची गोळी! किंचाळायला तोंड उघडलं की ती थेट घशात आणि तिथून श्वासनलिकेत. कुठलाही शहाणा शल्यविशारद असं करणार नाही, तेव्हाचाही नाही. चामड्याचा पट्टा किंवा चामडं गुंडाळलेली काठी देत असत. ती आडवी बसते, गिळली जात नाही, दातही वाचतात.

आता काळ बघा. १६ ऑक्टोबर १८४६ला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टनने ईथर हे भुलीचं औषध देऊन दाखवलं. त्याच डिसेंबरात लंडनला लिस्टनने ईथरखाली मांडी कापली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोला सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. त्यामुळे अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ ते ६५, बहुसंख्य शस्त्रक्रिया भूल देऊनच झाल्या. सिनेमातला काळ साधारण त्याच्यानंतरचा, म्हणजे डॉक्टरकडे बाटली असायलाच हवी.

त्याआधीच्या काळाचं वर्णन वाचायचं असेल तर फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचं पत्र वाचा. १८११ साली पॅरिसमध्ये भूल न देता तिचा स्तन काढला. नेपोलियनचा प्रसिद्ध शल्यविशारद लारे त्या वेळी हजर होता. तिने बहिणीला सगळं सविस्तर लिहिलंय. आधी दिलेलं वारुणीसारखं काहीतरी पेय, चेहऱ्यावर टाकलेला तलम रुमाल आणि त्यातून दिसणारं लखलखतं पातं. सुरी चालली तेवढा वेळ आपण अखंड किंचाळत होतो असं ती सांगते. तोंडात गोळी वगैरे काही नाही. शस्त्रक्रियेत पेशंट ओरडला तर कुणी त्याला कमी लेखत नसे. मग गोळी द्यायची कशासाठी?

खडकवासला

पण डॉक्टर, दातांचे व्रण असलेल्या गोळ्या सापडतात ना त्या रणांगणांवर? लिलावात विकल्याही जातात.

डॉ. कडुनिंब

सापडतात. तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं असं की त्यातल्या बऱ्याचशा डुकरांनी चावलेल्या आहेत. शिसं मऊ असतं आणि डुकरं माती उकरताना काहीही चघळतात. तणावाखाली गोळी चघळणारे सैनिकही असतीलच, पण तेवढ्यावरून ऑपरेशन टेबल सिद्ध होत नाही.

मालवणी_तडका

रे बाबांनो, गोळी चावूची की गिळूची ता आधी ठरवा! डागदर सांगतत गिळू नको, साहेब सांगता चाव.

वैद्यबुवा

डॉक्टरांना पुस्ती जोडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माआधी काय करावं हे सांगितलंय. रोग्याला आधी अन्न द्यावं, आणि ज्याला वेदना सोसत नाही व जो मद्य घेणारा आहे त्याला तीक्ष्ण मद्य पाजावं. अन्नामुळे तो मूर्च्छित होत नाही आणि मद्यामुळे त्याला शस्त्र जाणवत नाही, असं कारणही दिलंय. (सगळ्याच शस्त्रकर्मांना हे नाही, पोटाच्या काही विकारांत उपाशी ठेवायला सांगितलंय.) वेदना मुकाट सोसण्याची अपेक्षा तिथेही दिसत नाही.

अवांतर: १८४५ पासून हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा कंपनीचा डॉक्टर संमोहनाखाली मोठमोठ्या गाठी काढत होता, ईथर यायच्या आधी. त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.

पानगळ

मी दुसऱ्या गोष्टीच्या बाजूने. तोंडाने चावण्याचा आणि गोळीचा संबंध जगाच्या इतिहासात एवढ्या ठळकपणे दुसरीकडे कुठे आलाय? बराकपूरला मंगल पांडे, २९ मार्च १८५७. मीरतला २४ एप्रिलला नव्वदातल्या पंच्याऐंशी सवारांनी काडतूस हातात घ्यायलाही नकार दिला. ९ मेला त्यांना सगळ्या फौजेसमोर बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी उठाव झाला. आपल्या वरसईच्या गोडसे भटजींच्या प्रवासवर्णनातही काडतुसांची हकीकत आहे, म्हणजे कोकणातून निघालेल्या भिक्षुकाच्या कानावर वाटेतच ती पडली होती. इंग्रजांच्या डोक्यात ही गोष्ट कायमची बसली असणार. नको असलेली गोष्ट नाइलाजाने तोंडात घेणं, हाच तर अर्थ आहे ना?

गनिमीकावा

पानगळ, तुम्ही दिलेल्या तारखा बरोबर आहेत. पण काडतूस कसं वापरत ते एकदा पाहू, म्हणजे गोष्ट कुठे अडते ते कळेल.

१८५३ची एन्फिल्ड ही ठासणीची बंदूक. तेव्हाचं काडतूस पितळेचं नव्हतं, कागदाची चण्याच्या पुडीसारखी सुरळी असायची. तिच्या एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी. वंगण म्हणजे ती कुप्रसिद्ध चरबी, ती गोळीच्या टोकाला बाहेरून लावलेली. शिपाई दारूच्या बाजूचं टोक दातांत धरून फाडायचा, दारू बंदुकीच्या नळीत ओतायचा, मग सुरळी उलटी करून गोळीची बाजू नळीच्या तोंडात सारायचा, वरचा कागद तोडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायचा.

म्हणजे दात लागायचे ते कागदाला, तेही गोळीच्या विरुद्ध टोकाला. जिभेवर यायची ती दारूची खारट चव. गोळी कोणी चावतच नव्हतं. चावली असती तर ती वाकडी होऊन नळीत बसलीच नसती.

शिवाय दातांनी काडतूस फाडणं हे एन्फिल्डबरोबर आलेलं नाही. आधीच्या जुन्या मस्केटच्या कवायतीतही ते होतं, युरोपात होतं, अमेरिकेत होतं. अमेरिकन यादवी युद्धात समोरचे दात नसलेल्या तरुणांना याच कारणासाठी भरतीत नाकारत. या क्रियेचं इंग्रजी नाव ‘बाइट द कार्ट्रिज’. तिथून ‘बुलेट’कडे जायला वाट दिसत नाही.

पानगळ

म्हणजे चरबी दातांना लागतच नव्हती, शिपायांनी उगाच कांगावा केला, असं म्हणायचंय का? हे मला फार खटकलं. इंग्रज अधिकारी तेव्हा हेच म्हणत होते.

गनिमीकावा

अजिबात नाही, आणि असा अर्थ कुणी काढू नये म्हणून सविस्तर लिहितो.

शे-दोनशे काडतुसं एका पेटीत एकमेकांना घासत असतात. उन्हाळ्यात चरबी वितळते, कागदात झिरपते, बोटांना लागते. त्याच बोटांनी टोक तोंडाकडे न्यायचं. शिवाय नव्या काडतुसाचा कागद चकचकीत होता आणि त्या चकाकीतच चरबी आहे असा दाट संशय होता. डमडमच्या कारखान्यातून बातमी फुटली ती जानेवारी १८५७मध्ये. मग सरकारने वंगण तुमचं तुम्ही लावा म्हटलं, पुढे दातांऐवजी हाताने फाडा म्हणून कवायतही बदलली. त्याने संशय वाढलाच, कारण काही नव्हतं तर बदललं कशाला, असा सरळ प्रश्न शिपायांनी केला. फेब्रुवारीत बेऱ्हमपूरच्या १९व्या पलटणीने नकार दिला तो याच वातावरणात.

धर्म जाणार ही भीती खरी होती, तिच्यामागे पगार, भत्ते, अवध खालसा केल्याची चीड असं बरंच साठलेलं होतं. मी फक्त एवढंच म्हणतोय की ‘बाइट द बुलेट’ हा वाक्प्रचार त्यातून आला नाही. आणि अर्थ पाहिला तर तो उलटाच जातो. हा वाक्प्रचार मुकाट सोसणाऱ्याचा आहे. मीरतच्या पंच्याऐंशी जणांनी सोसायला नकार दिला. त्यांच्या नावावर हा वाक्प्रचार लावणं मला तरी त्यांच्यावर अन्याय वाटतो.

पानगळ

शेवटचा मुद्दा पटला. कवायतीचा अजून तपासून बघते.

बुलेटराणी

एन्फिल्ड आणि बुलेट एकाच धाग्यात आल्यावर मला राहवेना.

लंडनच्या उत्तरेला एन्फिल्ड गाव. तिथे सरकारी बंदुकांचा कारखाना, रॉयल स्मॉल आर्म्स फॅक्टरी. १८५७ची बंदूक त्या गावाच्या नावाने. पुढे रेडिच गावातल्या एका सायकल कंपनीला त्या कारखान्यासाठी बारीक सुटे भाग करायचं काम मिळालं, आणि त्या मानाखातर त्यांनी आपल्या सायकलींना नाव दिलं रॉयल एन्फिल्ड. ब्रीदवाक्य होतं ‘मेड लाइक अ गन’, चिन्ह तोफेचं. १९३२मध्ये त्यांनी बुलेट मॉडेल काढलं आणि १९५५पासून ती मद्रासला तयार होऊ लागली.

म्हणजे ज्या नावाच्या बंदुकीविरुद्ध आपले लोक उठले, तेच नाव आज कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रत्येक गल्लीत धडधडतंय. मी स्वतः पंचवीस सालची चालवते. चावायची झाली तर सीटपासून सुरुवात करा, टाकी फार कडक आहे.

मालवणी_तडका

आणि सायलेन्सर शेवटाक. गरम असता.

म्युनिककर

इथे जर्मनीत याच अर्थाने ‘आंबट सफरचंदाचा चावा घेणे’ म्हणतात. ऑफिसात रोज ऐकू येतं. शेजारी डच लोकही आंबट सफरचंदच म्हणतात, फक्त ते ‘चावत आरपार जातात’. चावण्याची कल्पना तीच, पण तिथे ना बंदूक ना सैनिक. इंग्रजांचा वाक्प्रचार फौजेतून आलाय हे यावरून जास्तच जाणवतं.

शब्दवेल्हाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच ढिल्या झाल्या. आता तिसरीबद्दल कुणी सांगेल का? फटक्यांचा संबंध कुठे नोंदवलेला आहे?

जुनी_पानं

आहे, आणि नोंद स्पष्ट आहे. फ्रान्सिस ग्रोस नावाचा गृहस्थ, आधी फौजेत होता, मग जुन्या वास्तूंचा आणि बोलीचा अभ्यासक झाला. त्याने रस्त्यावरच्या, बराकीतल्या, चोरांच्या इंग्रजीचा कोश केला. पहिली आवृत्ती १७८५ची. १७९६च्या आवृत्तीत ‘नाइटिंगेल’ या शब्दाखाली जे दिलंय त्याचा आशय असा: फटके खाताना ‘गाणारा’ म्हणजे ओरडणारा सैनिक तो नाइटिंगेल. काही पलटणींत, ग्रेनेडियर म्हणजे निवडक धिप्पाड शिपायांत, फटक्यांखाली आवाज न काढणं हा इभ्रतीचा प्रश्न असतो, आणि नाइटिंगेल ठरू नये म्हणून ते गोळी चघळतात.

गोळी, तोंड, वेदना आणि न ओरडणं, चारही गोष्टी एका जागी आल्या. हे १८५७च्या साठ वर्षं आधीचं आणि ईथरच्या पन्नास वर्षं आधीचं.

त्या शिक्षेचं स्वरूपही सांगायला हवं, नाहीतर ‘फटके’ हा शब्द फार हलका वाटतो. सार्जंट लोकांचे भाले तिकोनी उभे करायचे, त्याला उघड्या पाठीने माणूस बांधायचा. चाबूक नऊ दोऱ्यांचा, दोऱ्यांना गाठी. मारायचं काम ढोलकऱ्यांचं, एक दमला की दुसरा. सगळी पलटण चौकोन करून उभी, डॉक्टर बाजूला, माणूस मरणार नाही एवढं बघायला. नेपोलियनच्या काळात हजार फटक्यांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आहेत. १८३६मध्ये वरची मर्यादा २००वर आणली. १८४६च्या जूनमध्ये लंडनजवळ हाउन्स्लोला सातव्या हुसार्स पलटणीच्या फ्रेडरिक व्हाइटला १५० फटके मारले आणि पुढच्या महिन्यात तो मेला. वर्तमानपत्रांतून संतापाची लाट उठली आणि मर्यादा ५०वर आली. शांततेच्या काळातले फटके १८६८मध्ये थांबले, पूर्ण बंदी आली ती १८८१मध्ये.

हिंदुस्थानातलं उदाहरण तर विलक्षण आहे. गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३५मध्ये देशी शिपायांना फटके मारणं बंद केलं, पण त्याच छावणीतल्या गोऱ्या सोजिरांना ते चालूच राहिले. १८४५मध्ये देशी पलटणींतही शिक्षा परत आणली.

खडकवासला

चघळणं आणि चावणं एक नाही. ग्रोसमध्ये ‘च्यू’ आहे, ‘बाइट’ नाही. आणि १७९६नंतर वाक्प्रचार थेट कधी दिसतो?

जुनी_पानं

रास्त प्रश्न. आज वापरतो तशा लाक्षणिक अर्थाने छापील उदाहरण म्हणून कोशकार १८९१चं देतात, किपलिंगच्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरीतलं. मधली जवळजवळ शंभर वर्षं छापील कागदावर मोकळी दिसतात. फौजेतली बोली छापखान्यापर्यंत उशिरा पोचते हे मान्य केलं तरी हा दुवा सलग नाही. म्हणून मी ‘सिद्ध’ म्हणणार नाही, तिघांत सर्वांत बळकट म्हणेन.

गिरगावकर

किपलिंगचं नाव निघालं म्हणून सांगतो, हा माणूस जन्माने मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकरी-हमालांची उठावशिल्पं त्यांचीच. बाजारात जाणाऱ्यांनी एकदा मान वर करून बघावीत, घाईत सगळे खालूनच जातात.

धाकट्या किपलिंगला पाचव्या-सहाव्या वर्षी इंग्लंडला पाठवलं. १८८२मध्ये परतला तो लाहोरच्या वर्तमानपत्रात. तिथे मियाँमीर छावणीतल्या सोजिरांशी त्याची ऊठबस होती, त्यांची बोली त्याने कानाने उचलली. १८८१ला फटके बंद झाले आणि हा १८८२ला छावणीत. म्हणजे फटके पाहिलेले, कदाचित खाल्लेले जुने सोजीर त्याच्यासमोर बसून बोलत होते. जुनी_पानं ज्याला मोकळी शंभर वर्षं म्हणतात, ती अशाच लोकांच्या तोंडी गेली असतील असं मला वाटतं.

कादंबरीतला प्रसंगही नेमका आहे. डिक हेल्डर हा युद्धाची चित्रं काढणारा चित्रकार, सुदानमधल्या जुन्या जखमेमुळे त्याची दृष्टी जाते. मित्र टोर्पेनहाउ त्याला सांगतो, गोळी चाव, तू घाबरलास हे त्यांना कळू देऊ नकोस. तिथे तोंडात गोळी नाही, फटकेही नाहीत, पण ‘कळू देऊ नकोस’ हे ग्रोसच्या नाइटिंगेलचंच बोलणं आहे.

रातराणी

गिरगावकर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले.

आमच्या गावाकडे आजीच्या पिढीची बाळंतपणं घरातच, माजघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत. ओटीवर पुरुष बसलेले. कळा यायला लागल्या की सुईण किंवा सासू पदराचा बोळा करून तोंडात द्यायची, ‘आवाज बाहेर जाता कामा नये’ म्हणून. आजी सांगायची, वेदनेपेक्षा त्या बोळ्याने जीव घाबरायचा. आणि नंतर कौतुक व्हायचं ते ‘हूं की चूं केलं नाही हो पोरीने’ याचं. जी ओरडली तिची चर्चा विहिरीवर व्हायची. तिला नाइटिंगेल म्हणत नव्हते एवढंच.

मला या वाक्प्रचाराचा राग येतो तो इथे. ज्याला सोसावं लागतं त्यानेच आवाजही दाबायचा, आणि दाबला की शाबासकी. त्या ढोलकऱ्याला किंवा शिक्षा सुनावणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

डॉ. कडुनिंब

रातराणी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजही प्रसूतिगृहात ‘ओरडू नकोस’ असं दटावणारे आवाज ऐकू येतात आणि मी प्रत्येक वेळी अडवते. ओरडू द्या.

त्याला थोडा आधारही आहे. इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बर्फगार पाण्यात हात धरून ठेवायला सांगितलं. एकदा शिव्या देत, एकदा साधा शब्द म्हणत. शिव्या देताना लोकांनी हात जास्त वेळ टिकवला. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस) मिळालं, तेही शांततेचं!

मालवणी_तडका

हां, ह्या आमका आधीपासून म्हायत होता. मालवणात ह्येका संशोधन लागणा नाय.

कोटकिल्ले

तोंडातल्या गोळीचा आणखी एक संदर्भ आहे, जो कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही. सतराव्या शतकात युरोपातले बंदूकधारी लढताना दोन-चार गोळ्या तोंडात ठेवत. कमरेच्या थैलीत चाचपडण्यापेक्षा तोंडातली गोळी पटकन नळीत टाकता येते. त्यावरून सन्मानाने किल्ला सोडण्याच्या अटींत एक शब्दप्रयोग रूढ झाला: ढोल वाजवत, निशाणं फडकवत, तोड्याची वात पेटलेली आणि गोळी तोंडात. अर्थ असा की आम्ही हरून शरण नाही आलो, अजून लढायला सज्ज आहोत.

सन्मानाने बाहेर पडण्याची ही रीत आपल्याकडेही घडली आहे. मे १७३९मध्ये वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसकट, ढोल वाजवत आणि निशाणं फडकवत जाऊ दिलं होतं. वसईच्या कोटात गेलात तर बंदर-दरवाजापाशी उभं राहून ती मिरवणूक डोळ्यांसमोर आणा.

यातून वाक्प्रचार आला असं मी म्हणत नाही. पण सैनिकाच्या तोंडात गोळी असणं ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. फटक्यांना बांधलेल्या माणसाने गोळीच का धरली, याचं उत्तर यात असावं. तीच हाताशी होती, आणि ती तोंडात धरायची सवय पलटणीच्या अंगवळणी पडलेली होती.

खडकवासला

हे आवडलं. वाचनखूण साठवली.

सुपारीफुटी

मराठीत काय म्हणाल? मी सुचवते: मनाचा हिय्या करणे.

म्युनिककर

हिय्या करणे म्हणजे उडी मारण्याआधीचं धाडस. त्यात सोसणं येत नाही.

पानगळ

काळजावर दगड ठेवणे?

सुपारीफुटी

ते दुःखाचं. मुलीला सासरी पाठवताना काळजावर दगड ठेवतात, पण दाढ काढायला जाताना कोण ठेवतं? मूग गिळणेही नको, त्यात अन्याय दिसत असून गप्प राहणं येतं.

गिरगावकर

ओठ आवळून सोसणे. वाक्प्रचार म्हणून तेवढा ठाशीव नाही, पण चित्र तेच. दातओठ खाणे मात्र कुणी वापरू नका, तो राग झाला.

रातराणी

‘एकदाचा सोक्षमोक्ष लावणे’ विसरलात. ऑफिसात जेव्हा हा वाक्प्रचार ऐकते तेव्हा तिथे सोसण्याचा भाव कमी आणि ‘किती दिवस टाळणार, उरका’ हाच जास्त असतो. म्हणजे इंग्रजीतही अर्थ सरकलाय. ग्रोसच्या सैनिकाला निवड नव्हती, त्याला बांधलेलं होतं. आजचा माणूस स्वतः ठरवून गोळी चावतो. आणि जे साहेब नोकरकपातीच्या सभेत ‘आता आपल्याला बुलेट बाइट करावी लागेल’ म्हणतात, त्यांनी तर हा वाक्प्रचार वापरूच नये. दुखणार दुसऱ्याला आहे. अर्थाने आणि माणुसकीने, दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे ते.

बुलेटराणी

+१ रातराणी. आमच्याकडेही हेच वाक्य बोलून अर्ध्या विभागाला घरी पाठवलं होतं.

शब्दवेल्हाळ

भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. तिने तक्त्याचा मजकूर असा केलाय, बघून घ्या:

“अर्थ: टाळता न येणारा त्रास धीराने पत्करणे. उगम: अठराव्या शतकात इंग्रज फौजेत फटक्यांची शिक्षा होत असे. ओरडणाऱ्याला चिडवत, म्हणून काही सैनिक तोंडात शिशाची गोळी धरत. १७९६च्या एका कोशात याची नोंद आहे. आजच्या अर्थाने हा वाक्प्रचार १८९१मध्ये मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या कादंबरीत दिसतो. १८५७च्या काडतुसांशी याचा संबंध लावतात, पण तेव्हा दातांनी काडतुसाचा कागद फाडत, गोळी चावत नसत.”

खाली तिला काडतुसाचं चित्र काढायचंय.

जुनी_पानं

उत्तम. ‘१८९१मध्ये मुंबईत जन्मलेल्या’ असं वाचलं जातंय, तेवढं फिरवून घ्या. ‘मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या १८९१च्या कादंबरीत’ असं करा. आणि ‘उगम’च्या पुढे ‘बहुधा’ घाला.

पानगळ

माझी एक विनंती. मीरतच्या सवारांनी नकार दिला, हे शेवटच्या ओळीत येऊ द्या. संबंध नाही म्हणून नुसतं खोडून टाकू नका, मुलांना ते नाव त्या निमित्ताने कळेल.

शब्दवेल्हाळ

दोन्ही सूचना घेतल्या. तिने ‘बहुधा’ लाल शाईने लिहिलंय.

गनिमीकावा

चित्राबद्दल: सुरळी उभी काढा, वरच्या टोकाला पीळ घातलेला कागद, त्याखाली दारू, तळाशी गोळी, आणि गोळीच्या बाहेरून कागदावर पिवळा पट्टा, ते वंगण. दातांचा बाण वरच्या पिळाकडे दाखवा. पितळी काडतूस काढू नका. गुगलवर तेच आधी येतं आणि ते नंतरच्या काळातलं आहे.